आजारपण आणि प्रार्थना: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्रिस्ती घरात कुणी अंथरूण धरले की सहसा दोन फोन होतात. एक डॉक्टरांना, दुसरा पाळकसाहेबांना किंवा फादरांना. पुढच्या दिवसांत घरच्यांच्या मनात जे प्रश्न उठतात, ते उपासनेत कुणी मोठ्याने विचारत नाही. ते वॉर्डाबाहेरच्या बाकावर, डबा घेऊन बसलेल्या बहिणीकडून किंवा सुनेकडून हळू आवाजात विचारले जातात. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या गटात काम करताना हे प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकते. त्यांची उत्तरे शक्य तितकी सरळ द्यायचा हा प्रयत्न आहे.

आजारी पडल्यावर पवित्र शास्त्र नेमके काय करायला सांगते?

याबद्दलची सर्वांत थेट सूचना याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या १४व्या वचनापासून आहे. तुमच्यापैकी कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या (चर्चच्या) वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांना बोलवावे, आणि त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून प्रार्थना करावी.

हा उतारा आपण इतक्यांदा ऐकतो की त्यातल्या दोन गोष्टींकडे लक्षच जात नाही. पहिली म्हणजे, बोलावणे आजाऱ्याने पाठवायचे आहे. त्याला नको असताना दहा जणांनी खोलीत शिरून त्याच्या डोक्यावर हात ठेवावेत असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. प्रार्थना करायची ती वडिलांनी. अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या विश्वासाची परीक्षा घ्या, असे याकोब म्हणत नाही. जो उठून बसू शकत नाही, ज्याला तापात स्वतःचे नावही धड सांगता येत नाही, त्याच्या वतीने इतरांनी विश्वास धरायचा. मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण छप्पर उसकटून खाली सोडतात, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे म्हटले आहे (२:५). तो माणूस स्वतः त्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही.

प्रार्थना करतो म्हणजे औषधे बंद करायची का?

नाही. हे उत्तर कुठल्याही ‘पण’शिवाय द्यायला हवे, कारण यात माणसे दगावतात.

इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या, फिट्सची औषधे, मानसिक आजाराची औषधे, क्षयरोगाचा कोर्स यांतले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. क्षयाचे उदाहरण मुद्दाम देते. नेहमीच्या क्षयाचा कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो, आणि दीड-दोन महिन्यांतच खोकला व ताप जाऊन रुग्णाला बरे वाटू लागते. नेमक्या याच टप्प्यावर एखाद्या सभेत प्रार्थना झाली की ‘मी बरा झालो’ असे वाटून गोळ्या सुटतात. जंतू मात्र शरीरात शिल्लक असतात. ते औषधाला दाद न देणारे होऊन परत येऊ शकतात, आणि मग उपचार लांबतो, जडही होतो. बरे झालात असे वाटत असेल तर देवाचे आभार माना आणि थुंकीची तपासणी करून घ्या. तपासणी केल्याने देवाचा अवमान होत नाही. येशूनेसुद्धा बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्याला ‘जाऊन स्वतःला याजकाला दाखव’ असे सांगितले होते, आणि त्या काळी तो बरा झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार याजकाकडेच होता.

औषध आणि प्रार्थना यांचे भांडण शास्त्रात मला कुठे दिसत नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला असताना रडून प्रार्थना करतो. देव ती ऐकतो, आणि यशया संदेष्टा गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगतो (२ राजे २०). प्रेषित पौलाच्या सोबत्यांपैकी लूक वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. कॅथलिक बायबलमध्ये बेनसिराच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय आहे. वैद्याचा मान राखा, औषधे देवानेच जमिनीतून उगवली आहेत, शहाणा माणूस ती नाकारत नाही, असे तिथे म्हटले आहे. त्याच अध्यायात वैद्यही देवाजवळ प्रार्थना करतो.

महाराष्ट्रात तर हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४मध्ये मिरजेत रुग्णालय उभे केले. पुढे त्यातून एवढे मोठे वैद्यकीय केंद्र झाले की दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून लोक ‘मिरजेला नेऊ’ म्हणत रुग्ण आणू लागले. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणे हा त्या कामाचा कणा होता. ही सगळी प्रार्थना करणारी माणसे होती. त्यांच्या प्रार्थनेने त्यांना ऑपरेशनच्या टेबलाशी आणि गावाच्या विहिरीशी नेऊन उभे केले.

खूप प्रार्थना केली, उपवास केले, तरी गुण आला नाही. माझा विश्वास कमी पडला का?

या एका प्रश्नासाठी बाकीचे सगळे पान गेले तरी चालेल, असे मला वाटते.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या बाईला भेटायला आलेले लोक जाताना म्हणतात, ‘ताई, फक्त विश्वास ठेवा, काही होणार नाही.’ ते दार ओढून निघून जातात आणि ती छताकडे बघत पडून राहते. आता तिच्यावर दोन ओझी असतात. एक दुखण्याचे, दुसरे ते दुखणे आपल्याच अविश्वासामुळे हटत नाही या अपराधी भावनेचे. हे दुसरे ओझे आपण, म्हणजे मंडळीने, तिच्या छातीवर ठेवलेले असते. ते ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

शास्त्र काय म्हणते ते बघा. पौलाच्या देहात एक काटा होता. तो काय आजार होता हे त्याने सांगितलेले नाही. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे उत्तर मिळाले (२ करिंथ १२). पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? हाच पौल आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी सोडून पुढे गेल्याचे लिहितो (२ तीमथ्य ४:२०), एका ओळीत, कुठलेही स्पष्टीकरण न देता. बेथेस्दा तळ्याच्या ओसऱ्यांमध्ये आजाऱ्यांची रांगच्या रांग पडलेली होती, आणि योहानाच्या वृत्तांतात येशू तिथल्या एकालाच उठवतो. बाकीच्यांचा विश्वास मोजल्याची नोंद नाही. आणि ज्याला उठवले त्याला तर आपल्याला कुणी बरे केले हेही ठाऊक नव्हते.

गेथशेमाने बागेत, वधस्तंभाच्या आदल्या रात्री, खुद्द येशूने ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी प्रार्थना केली. त्या रात्री तो प्याला दूर झाला नाही. ज्याच्या नावाने आपण प्रत्येक प्रार्थना संपवतो त्याचेच मागणे त्या रात्री त्याने मागितले तसे पूर्ण झाले नाही, हे ज्याने मनावर घेतले आहे त्याने कुठल्याही आजाऱ्याला विश्वासावरून बोल लावू नये.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही पंडिता रमाबाई आहेत. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५मध्ये जे प्रार्थनेचे पुनरुज्जीवन झाले, त्याचा बोलबाला जगभर झाला. शेकडो मुली तासन्‌तास प्रार्थनेत असत. त्याच रमाबाईंना आयुष्याच्या उत्तरार्धात नीट ऐकू येत नव्हते. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१मध्ये वारली आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. त्या काळात त्यांच्या हातून मराठी बायबलच्या भाषांतराचे काम पार पडत होते. त्यांच्या प्रार्थनेत काही उणे होते असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मग देव एकाला का बरे करतो आणि दुसऱ्याला का नाही? याचे उत्तर माझ्यापाशी नाही. ते असल्याचा आव आणणाऱ्यांपासून आजाऱ्याला दूर ठेवा.

आजार हा पापाची शिक्षा असतो का?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते: पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने दोन्ही नाकारले (योहान ९). सगळे गमावून आजारी पडलेल्या ईयोबाच्या मित्रांनीही पाने भरभरून हेच पटवायचा प्रयत्न केला, आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो. दारूने यकृत बिघडते, तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे खरे आहे. पण ती कारणे आहेत, आणि ती डॉक्टरांनी समजावून सांगायची असतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याचा हिशेब काढायचा नसतो.

तेल लावण्याबद्दल कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात काय फरक आहे?

कॅथलिक चर्चमध्ये आजाऱ्यांना तेल लावणे हा सात संस्कारांपैकी एक आहे आणि तो धर्मगुरूच देऊ शकतात. त्यासाठीचे तेल पवित्र सप्ताहात बिशप आशीर्वादित करतात. फादर कपाळाला आणि हातांना तेल लावून प्रार्थना करतात. पूर्वी हा ‘शेवटचा संस्कार’ समजला जाई. त्यामुळे फादर दारात दिसले की घरात रडारड सुरू व्हायची, आणि ती भीती वसईपासून कोकणापर्यंत कित्येक घरांत अजून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२च्या सुधारणेने, चर्चने हे स्पष्ट केले की हा मरणाऱ्यांपुरता संस्कार नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेआधी, वार्धक्याने खंगलेल्या माणसाला तो देता येतो, आणि आजार वाढला तर पुन्हाही देता येतो. तेव्हा आजी शुद्धीवर असतानाच फादरांना बोलवा. तिला ती प्रार्थना ऐकू येऊ दे.

प्रोटेस्टंट मंडळ्या याला संस्कार मानत नाहीत. काही ठिकाणी वडील तेल लावतात, काही ठिकाणी फक्त हात ठेवून प्रार्थना होते. तेल साधे खोबरेल किंवा ऑलिव्हचे असले तरी चालते. बाटलीत भरून ‘अभिषेकाचे तेल’ म्हणून जे विकायला येते, त्यात काही अधिक सामर्थ्य नसते.

माहीमची नोव्हेना, मोतमाउली, हरेगावची यात्रा इथे केलेल्या नवसाचे काय?

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८पासून दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मरियेची ठराविक प्रार्थना, चालते. बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, बाळे विकायला असतात. गुडघा दुखणारा मेणाचा पाय वाहतो, मूल नसलेले जोडपे मेणाचे बाळ. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत आणि श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या मतमाउली यात्रेत सप्टेंबरमध्ये ख्रिस्ती लोकांइतकेच हिंदू आणि इतर भाविकही येतात. प्रोटेस्टंट वाचकांना हे पटणार नाही, आणि मीही त्याच परंपरेतली आहे. तरी त्या रांगेत उभ्या असलेल्या आईच्या प्रार्थनेला मी हलके म्हणणार नाही. कॅथलिक शिकवणही स्पष्ट आहे. मरिया आपल्यासाठी विनंती करते, बरे करणारा देव आहे, आणि मेणाचा पाय ही किंमत नाही. नवस फेडता आला नाही म्हणून कोप होईल ही भीती ख्रिस्ती विश्वासातली नाही. तशी भीती मनात असेल तर आपल्या फादरांशी बोला.

खरोखर चमत्कार होतात का?

होतात, असा माझा विश्वास आहे. आणि चर्च याबाबत किती सावध असते हेही माहीत असावे. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८पासून लोक बरे होण्यासाठी जातात. तिथे डॉक्टरांचे कार्यालय आहे. बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे तिथे नोंदले गेले, आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते जेमतेम सत्तरच्या आसपास. आजार गंभीर आणि सिद्ध झालेला हवा, बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकणारे हवे, उपचाराने ते झालेले नसावे, अशा कसोट्या लावल्या जातात, आणि त्यात अनेक वर्षे जातात. एका संध्याकाळच्या सभेत स्टेजवरून पंचवीस जण बरे झाल्याचे जाहीर होते, तेव्हा ही सावधगिरी आठवावी.

प्रार्थनेचा परिणाम विज्ञानाने तपासला आहे का?

हो. सर्वांत गाजलेला अभ्यास हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवर अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत झाला आणि २००६मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी रुग्णांच्या नावाने १४ दिवस प्रार्थना केली. आपल्यासाठी कुणी प्रार्थना करते आहे की नाही हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच आले: प्रार्थना झालेल्यांत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१. आणि ज्यांना प्रार्थना होते आहे हे नक्की सांगितले होते, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले.

काही जण हा निकाल लपवतात. मला तशी गरज वाटत नाही. देवाला प्रयोगात एका बाजूला ठेवून मोजता येईल अशी माझी अपेक्षाच नव्हती. शिवाय त्या ५९ टक्क्यांकडे मंडळीने नीट बघावे. ‘आपल्यासाठी खास प्रार्थना चालली आहे म्हणजे आपली तब्येत फारच बिघडली असणार’ किंवा ‘आता मला बरे व्हायलाच हवे’ असा ताण रुग्णांवर आला असेल, ही शक्यता संशोधकांनीही बोलून दाखवली होती. तो ताण आजाऱ्याच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे.

नैराश्य, भीती, कानात आवाज येणे यांवर प्रार्थना पुरेशी आहे का?

मन हेही शरीरासारखेच आजारी पडते आणि त्यालाही डॉक्टर लागतो. ‘प्रार्थनेत वाढा, मग उदास वाटणार नाही’ हा सल्ला नैराश्यातल्या माणसाला खोल ढकलतो, कारण नैराश्यात प्रार्थनाच सुचेनाशी होते. एलीया संदेष्टा झुडुपाखाली बसून ‘आता माझा जीव घे’ म्हणाला, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिले, मग भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. उपदेश केला नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर पाळकांची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

भुताने पछाडले आहे म्हणून रुग्णाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ते येशूच्या नावाने केले म्हणून गुन्हा नसतो असे नाही. असे होताना दिसले तर पोलिसांना कळवा.

प्रार्थनेसाठी पैसे मागितले तर?

देऊ नका. दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा), अर्पण या गोष्टी वेगळ्या. बरे होण्याच्या बदल्यात ‘विश्वासाचे बी पेरा’ म्हणून रक्कम मागणारा माणूस तुमच्या संकटावर धंदा करतो आहे.

आजाऱ्याच्या भेटीला गेल्यावर प्रार्थना कशी करावी?

आधी विचारा: ‘प्रार्थना केली तर चालेल का?’ रुग्ण ख्रिस्ती नसेल तर हे विचारणे अधिकच गरजेचे, आणि ‘नको’ म्हटले तर हसतमुखाने ‘बरं’ म्हणून पाणी हवे का ते विचारा.

मग खुर्ची ओढून बसा. उभे राहून प्रार्थना केली की आपण निघायच्या घाईत आहोत असे वाटते. नेमके काय मागू ते त्यालाच विचारा. उत्तरे ऐकून नवल वाटते. आपण आजार जावा म्हणून मागायला आलेलो असतो, आणि तो म्हणतो, ‘रात्री झोप लागू दे एवढंच मागा’, किंवा ‘धाकट्याचं लग्न ठरू दे’. तेच मागा, त्याच्याच शब्दांत. दोन-तीन मिनिटे पुरेत. शेजारच्या खाटेवरचा माणूसही ऐकत असतो, म्हणून आवाज बेताचा ठेवा. सलाइनच्या हाताला हात लावू नका.

वयस्क माणसांना ना. वा. टिळकांची पदे तोंडपाठ असतात. बोलायची ताकद गेलेली आजी एखाद्या ओळीवर ओठ हलवते. प्रभूची प्रार्थनाही अशीच खोल रुतलेली असते, म्हणून विस्मरण झालेल्या माणसासोबत नवी वाक्ये जुळवण्यापेक्षा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणावे.

आणि काहीच सुचले नाही तर गप्प बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले होते. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर.

मला स्वतःलाच प्रार्थना करता येत नाही. शब्दच येत नाहीत.

स्तोत्रे उघडा. १३वे स्तोत्र ‘किती वेळ, परमेश्वरा?’ असे विचारते. ८८वे तर अंधारातच संपते, त्यात शेवटी दिलासा नाही. तरीही ते शास्त्रात आहे आणि ती प्रार्थनाच आहे. रागावून बोललेलेही देवाला चालते. तेवढेही जमत नसेल तर रोम ८:२६ सांगते की आपल्याला कसे मागावे कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी विनंती करतो. तुम्ही औषध घ्या आणि झोपा. मंडळी प्रार्थना करील.

डॉक्टरांनी आशा सोडली आहे. तरी बरे होण्यासाठीच प्रार्थना करत राहावे का?

मागावेसे वाटत असेल तोवर मागा. पण केवळ तेच मागत राहिलात तर बाकीचे बोलायचे राहून जाते: कुणाची क्षमा मागायची आहे, कुणाला बोलवायचे आहे, कागदपत्रे कुठे आहेत, कुठली गीते म्हणावीत. ‘बरी होणारच’ असा धोशा घरच्यांनी लावला की आजारी माणसाला मरणाबद्दल बोलायची सोयच उरत नाही. वेदना कमी करणारा उपचार घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे. दुखणे आवरले तर माणूस प्रार्थनाही शांतपणे करू शकतो.

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजाऱ्यासाठी प्रार्थना मागावी का?

त्याला विचारून. प्रार्थनेच्या नावाखाली आजाराची बातमी गावभर होते, हे आपल्या मंडळ्यांत फार घडते. गर्भपात, मानसिक आजार, व्यसन, मुलीच्या तपासण्या यांचे तपशील कधीही टाकू नयेत. एचआयव्हीबद्दल तर त्या माणसाच्या संमतीशिवाय काहीही उघड करू नये, त्यासाठी २०१७चा स्वतंत्र कायदाही आहे. रिपोर्टचे फोटो टाकू नका, आयसीयूतला फोटो तर मुळीच नाही. ‘आपल्या एका बहिणीची उद्या शस्त्रक्रिया आहे, सकाळी नऊ वाजता प्रार्थना करू या’ एवढे लिहिले तरी पुरते. नाव देवाला माहीत आहे. आणि शस्त्रक्रिया झाल्यावर घरी डबा कोण नेणार, हे त्याच ग्रुपवर ठरवून टाका.